तक्रारीचा निवाडा कोणी करायचा?

सरकारी कार्यालयात तक्रार दिली की काही दिवसांनी बहुधा एक ओळ हाती येते: ‘आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे.’ संबंधित विभाग म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, तोच. लोकांचा विश्वास उडतो तो इथे. आणि हे दुखणं जुनं आहे.

पोल्टावाच्या लढाईत हरलेला स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स ऑटोमन मुलखात अडकून पडला होता. मागे अधिकारी कायद्याने वागतात ना, हे पाहायला १७१३ मध्ये त्याने तिथूनच हुकूम काढून एक पद निर्माण केलं. पण तो राजाचा माणूस. खरा बदल १८०९ च्या राज्यघटनेने झाला. प्रशासनावर नजर ठेवणारा ‘ऑम्बुड्समन’ आता संसद निवडू लागली. दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा, असा त्या शब्दाचा अर्थ. शेजारच्या देशांनी ही पद्धत विसाव्या शतकात उचलली, इंग्रजी बोलणाऱ्या देशांत पहिला मान १९६२ मध्ये न्यूझीलंडला मिळाला.

ब्रिटनला मात्र आधी ठेच लागावी लागली. डॉर्सेटमधल्या क्रिचेल डाउनची ७२५ एकर जमीन हवाई मंत्रालयाने १९३८ मध्ये बॉम्बफेकीच्या सरावासाठी घेतली. युद्धानंतर ती शेती खात्याकडे गेली. मूळ मालकांपैकी एकाच्या वारसांनी ती परत विकत मागितली, तेव्हा खात्याने दाद दिली नाही. आसपासच्या शेतकऱ्यांना ती खंडाने मागण्याची संधी देऊ, असा शब्द दिला होता, तोही पाळला नाही. १९५४ च्या जाहीर चौकशीत खात्याचा कारभार उघडा पडला आणि मंत्री थॉमस डगडेल यांनी राजीनामा दिला. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: कोणी लाच खाल्ली नव्हती. अधिकाऱ्यांनी फक्त समोरच्या माणसाला मोजलं नव्हतं. अशा वागणुकीविरुद्ध कोर्टात मागायचं तरी काय?

त्या प्रश्नाला उत्तर म्हणून १९६७ चा कायदा आला. ‘गैरकारभारामुळे झालेला अन्याय’ तपासणारा आयुक्त नेमला गेला. नागरिकाला थेट त्याच्याकडे जाता येत नव्हतं, खासदारामार्फतच जावं लागे. ही अट मला आजही खटकते. शिवाय आयुक्ताला हुकूम सोडता येत नाही, फाइल मागवायची, अधिकाऱ्यांना विचारायचं आणि अहवाल द्यायचा, एवढंच. तरी त्याच वर्षी झाक्सनहाउझेनच्या छळछावणीत डांबलेल्या काही ब्रिटिश कैद्यांचं प्रकरण त्याच्यापुढे आलं. नाझी छळाची भरपाई परराष्ट्र खात्याने त्यांना नाकारली होती. पहिले आयुक्त एडमंड कॉम्प्टन यांनी कागद तपासून निर्णयाच्या पद्धतीतल्या चुका दाखवल्या. परराष्ट्रमंत्री जॉर्ज ब्राउन यांना निष्कर्ष पटले नाहीत, पण भरपाई दिली.

पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी १९८४ मध्ये शिकागोतल्या सुमारे दीड हजार नागरिकांना पोलीस आणि न्यायालयांबद्दलचे अनुभव विचारले. निकाल आपल्या बाजूने लागला का, यापेक्षा लोकांच्या मनात जास्त राहिलं ते हे: मला बोलू दिलं का, माझं ऐकून घेतलं का, माणसासारखं वागवलं का.