पाळकपण कुठे संपतं आणि कारभार कुठे सुरू होतो

रविवारची उपासना संपली की पाळकसाहेब चर्चच्या दाराशी उभे राहतात. पुढच्या दहा मिनिटांत त्यांच्या कानावर साधारण असं काही पडतं: "साहेब, आईला काल दवाखान्यात ॲडमिट केलंय, प्रार्थनेला याल का?" "कबरस्तानाच्या भिंतीचं कोटेशन आलं का?" "मुलाच्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता." "थोरल्याचं आणि सुनेचं पटत नाही, एकदा घरी या." "मागच्या महिन्याचा हिशोब बोर्डावर लागला नाही." माणसं पाच, मागण्या पाच, आणि पाळकाचा झगा अजून अंगावरच.

यातलं पाळकाचं काम कोणतं आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहाच्या, कारभाऱ्याचं कोणतं? उत्तर सोपं वाटतं. प्रार्थना, उपदेश, घरभेट ही आत्मिक सेवा. हिशोब, फाइल, मीटिंग हा व्यवहार. मंडळीत आपण हीच वाटणी धरून चालतो, आणि मग पाळकाला दोन बाजूंनी बोल लावतो. तो ऑफिसात बसला तर "साहेब साहेबच झाले", आणि घरोघर फिरला तर "कारभाराकडे लक्ष नाही". माझ्या मते ही वाटणीच चुकीच्या जागी केलेली आहे.

कामाच्या नावावरून फरक कळत नाही

विवाहाचं रजिस्टर घ्या. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, 1872 प्रमाणे लग्न लावणाऱ्या पाळकाला त्याची रीतसर नोंद करावी लागते. दिसायला हे निव्वळ कारकुनी काम. पण त्या नोंदीत नावाचं स्पेलिंग चुकलं, तर तीस वर्षांनी नवरा गेल्यावर पेन्शनसाठी त्या लग्नातल्या बाईला खेटे घालावे लागतात. रजिस्टर नीट भरणारा पाळक त्या क्षणी तिची काळजीच घेत असतो.

उलटही होतं. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या कमिटीची निवडणूक तोंडावर आली की काही घरभेटी अचानक वाढतात. चहा होतो, स्तोत्र वाचलं जातं, प्रार्थना होते, आणि निघताना उंबऱ्यात विषय निघतो की यंदा कोणाला उभं करायचं. बायबल हातात होतं म्हणून ती भेट पाळकीय होत नाही.

इतिहासातलं सगळ्यांत बोलकं उदाहरण इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचं आहे. 1742 साली तिथल्या मेथडिस्ट मंडळीवर प्रार्थनागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. एका सभासदाने तोड सुचवली: प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा-बारा जणांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाची वसुली एकाने करावी. ज्याला परवडणार नाही त्याची पेनी वसूल करणाऱ्याने स्वतः भरायची. हेतू निव्वळ कर्जफेडीचा. पण वसुलीला लोक घराघरांत जाऊ लागले आणि कोणाच्या घरात भांडण आहे, कोण दारूत अडकलंय, हे दिसू लागलं. मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली यांनी त्याचं महत्त्व लगेच ओळखलं. त्या वसुलीच्या गटांतूनच मेथडिस्टांची 'क्लास मीटिंग' उभी राहिली, आणि सामान्य सभासदांनी एकमेकांच्या आत्मिक जीवनाची विचारपूस करण्याची ती पद्धत पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालली. चांगली आखलेली व्यवस्था कधी कधी सेवेला वाट करून देते, ती अशी.

मग खरा फरक कशात?

पाळकपण एका माणसासमोर घडतं. तिथे ऐकलेलं झाकून ठेवायचं असतं, त्याचं मिनिट्स बुक नसतं, त्यावर मतदान होत नाही. आजाऱ्याच्या खाटेपाशी बहुमत चालत नाही. कारभार मात्र सगळ्यांच्या वतीने चालतो, म्हणून तो उघडा हवा, लेखी हवा, आणि कोणालाही प्रश्न विचारता यावा असा हवा. एकीकडे विश्वास टिकतो तो न बोलल्यामुळे, दुसरीकडे तो टिकतो सगळं मांडल्यामुळे. मंडळ्यांमधली बहुतेक दुखणी पाळकाला काम जास्त झाल्यामुळे होत नाहीत. एका कामाचे नियम दुसऱ्याला लावल्यामुळे होतात.

झाकायचं ते उघडं पडलं की काय होतं हे वेगळं सांगायला नको. एखाद्या बाईने रडत सांगितलेली घरातली गोष्ट कमिटीच्या चर्चेत "आपल्याला माहीतच आहे" अशा सुरात निघाली, की ती बाई पुन्हा कधीच तोंड उघडत नाही. तिच्या दोन मैत्रिणीही उघडत नाहीत.

दुसरी गफलत जास्त सभ्य दिसते, म्हणून जास्त चालून जाते. कोणी अर्पणाचा हिशोब विचारला की उत्तर येतं, "पाळकसाहेबांवर विश्वास नाही का?" किंवा वाद रंगात आला की "चला, प्रार्थना करू" म्हणून विषय मिटवला जातो. प्रार्थनेला माझा आक्षेप कसा असेल? पण हिशोबाच्या प्रश्नाला उत्तर हिशोबानेच द्यायचं असतं. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना प्रेषित पौलाने एकट्याच्या हातात पैसा ठेवला नाही. मंडळ्यांनी नेमलेला माणूस सोबत घेतला, कारण एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये. प्रभूच्या दृष्टीने योग्य तेच नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनेही योग्य ते करण्याची त्याला काळजी होती (2 करिंथ 8:20-21). पौलाला जे चाललं नाही ते आपल्या पाळकाला का चालावं?

आणखी एक जागा आहे: व्यासपीठ. शनिवारच्या मीटिंगमध्ये जो विरोधात बोलला त्याला रविवारच्या उपदेशात, नाव न घेता, उत्तर मिळतं. सगळ्या बाकांना कळतं कोणाबद्दल चाललंय. त्या माणसाला तिथे उठून बोलता येत नाही, म्हणून तो अन्याय आहे. आणि वचन ऐकायला आलेल्या बाकीच्यांना त्या दिवशी वचन मिळत नाही, म्हणून तो दुहेरी अन्याय आहे.

खजिनदाराने कबूल केलं, तर?

फरक समजून घ्यायचा तर सगळ्यांत अवघड प्रसंग घ्यावा. समजा, मंडळीचा खजिनदार एका रात्री पाळकाच्या घरी येतो. मुलीच्या ऑपरेशनला पैसे कमी पडले, मंडळीच्या खात्यातून उचलले, परत करायचे होते, जमलं नाही. तो रडतो. पाळकाने काय करायचं?

आधी पाळक म्हणून बसायचं. ऐकायचं, मुलीची विचारपूस करायची, सोबत प्रार्थना करायची. पश्चात्ताप खरा असेल तर क्षमेचं वचन सांगताना हात आखडता घ्यायचा नाही. पण तोच पाळक कमिटीचा अध्यक्षही आहे. आपल्याकडच्या बहुतेक मंडळ्यांत ही दोन्ही पदं एकाकडेच असतात. म्हणून त्याच बैठकीत स्पष्ट सांगायला हवं: "आत्ता मी तुमचा पाळक म्हणून बसलोय. पण खात्यातला पैसा मंडळीचा आहे. तो विषय तुम्ही स्वतः कमिटीसमोर मांडा, मी तुमच्या शेजारी बसेन. पुस्तकं उद्याच दुसऱ्याच्या हाती द्यावी लागतील." क्षमा झाली म्हणून तिजोरीची चावी परत मिळत नाही, आणि चावी काढून घेतली म्हणून क्षमा अपुरी ठरत नाही. ज्या पाळकाला ही दोन वाक्यं एका दमात म्हणता येत नाहीत, तो एक तर दयेच्या नावाखाली चोरी झाकतो, नाहीतर शिस्तीच्या नावाखाली माणूस घालवतो. दोन्ही आपण पाहिलेलं आहे.

येशूने मत्तय 18 मध्ये सांगितलेला क्रम इथे फार उपयोगाचा आहे. आधी एकट्याला गाठून बोल. नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत घे. तरीही नाही, तर मंडळीला सांग. पहिली पायरी पूर्ण झाकलेली, शेवटची पूर्ण उघडी, आणि मधली या दोहोंना जोडणारी. पायऱ्या गाळायच्या नाहीत. गावभर झाल्यावर एकांतात बोलायला जाणं आणि एकांतात न बोलता थेट सर्वसाधारण सभेत नाव घेणं, दोन्हींत तोच क्रम मोडतो.

वाटून काय द्यायचं

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय 6. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार आली. प्रेषितांनी ती उडवून लावली नाही आणि वाटपाचं काम स्वतःच्या अंगावरही घेतलं नाही. मंडळीला सात माणसं निवडायला सांगितली. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप गेलं. इतका शहाणा निर्णय आपल्या किती कमिट्या घेतील? आणि पात्रता काय लावली, तर पवित्र आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असावीत. पंगतीचं काम कमी दर्जाचं मानलं असतं तर ही अट कशाला घातली असती? त्या सातांतला स्तेफन पुढे रक्तसाक्षी झाला, आणि फिलिप्पाने शोमरोन प्रांतात सुवार्ता नेली.

मंडळ्यांनी या वाटणीची वेगवेगळी घडी बसवली. जिनिव्हात धर्मसुधारक कॅल्विनच्या आग्रहाने 1541 मध्ये पाळक, शिक्षक, वडील (मंडळीतले जाणते पुढारी) आणि डीकन (सेवक) अशी चार पदं ठरली. शिस्त पाहणं वडिलांकडे आणि गरिबांचा पैसा डीकनांकडे गेला. कॅथलिक मंडळीत 1983 च्या धर्मविधीसंहितेने (चर्चच्या कायद्याने) प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) अर्थसमिती बंधनकारक केली. वसईच्या फादरांनाही ती लागू आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालं, तेव्हा सहा मंडळ्या आपापली कारभाराची रीत घेऊन आल्या होत्या: कोणाकडे बिशप, कोणाकडे वडिलांची सभा, कोणाकडे सगळा निर्णय स्थानिक मंडळीचा. नव्या घटनेत या तिन्हींना जागा करून द्यावी लागली.

सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती कोणत्याही मोठ्या चर्चशी न जोडलेल्या स्वतंत्र मंडळ्यांची. तिथे पुष्कळदा संस्थापकच पाळक, तोच मुख्य विश्वस्त, आणि हिशोब घरातल्याच कोणाकडे. माणूस प्रामाणिक असला तरी त्याला 'नाही' म्हणणारं कोणी उरत नाही. महाराष्ट्रात मंडळी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेली असेल, तर 1950 च्या अधिनियमाप्रमाणे दरवर्षी हिशोबांची तपासणी करून घ्यावी लागते. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. जमीन वा इमारत विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते (कलम 36). चर्चच्या जमिनींवरून कोर्टात जी भांडणं वर्षानुवर्षं चालतात, ती पाहिली की ही कलमं मंडळीच्या संरक्षणासाठी आहेत हे पटतं. त्यांच्याकडे 'जगाचा कायदा' म्हणून पाठ फिरवणं परवडणारं नाही.

व्यवहारात मला हे योग्य वाटतं: पाळकाने अर्पणाची थैली मोजू नये, उपासनेनंतर दोघांनी मोजून तिथेच सह्या कराव्यात. चेकवर एकट्याची सही नसावी. कोटेशनं, दुरुस्त्या, वीजबिल, हॉलचं बुकिंग हे सगळं बिनदिक्कत वाटून द्यावं. मात्र बजेटच्या बैठकीला पाळकाने बसावंच. तो आकड्यांत हुशार असेल-नसेल, पण साउंड सिस्टीमला किती आणि विधवांच्या मदतीला किती, हा प्रश्न त्याच्याशिवाय तिथे कोण विचारणार? आजाऱ्याची खाट, दफन, उपदेशाची तयारी आणि प्रभुभोजनाआधी अबोला धरलेल्या दोघांना समोरासमोर आणणं, यातलं काहीही मीटिंगसाठी पुढे ढकलू नये.

यंत्रणा सोडली तर?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तेही करून पाहिलं. 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, जिथे बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त एकत्र येऊ शकतील. त्यामागची तळमळ आजही मन हलवते. मिशनच्या चौकटीत त्यांचा जीव गुदमरत होता हे समजण्यासारखं आहे. पण 9 मे 1919 रोजी ते गेले, आणि दरबाराला मूळ धरायला वेळच मिळाला नाही. पैसा कुठून येणार, पुढे कोण चालवणार हे प्रश्न जुनी यंत्रणा सोडणाऱ्यालाही चुकत नाहीत.

उलट टोकाचा माणूस म्हणजे ग्रेगरी. 590 साली तो रोमचा बिशप, म्हणजे पोप, झाला तेव्हा शहरात प्लेगची साथ होती, आणि धान्य, जमिनी, इटलीवर चाल करून आलेल्या लोंबार्डांशी वाटाघाटी, सगळं त्याच्या गळ्यात आलं. मठातलं शांत जीवन हरवल्याची खंत त्याने उघडपणे लिहून ठेवली. तरी पाळकांना त्याचा सल्ला हाच होता की बाहेरच्या कामात आतलं विसरू नका, आणि आतल्याच्या नावाखाली बाहेरचं टाकू नका.

पाळकाची बदली झाली की ही दोन कामं अगदी वेगळी वेगळी दिसतात. चार्ज देताना बाप्तिस्मा आणि विवाहाची रजिस्टरं, पासबुकं, जागेचे उतारे, चाव्या यांची यादी होते आणि दोघांच्या सह्या होतात. यातलं काही सुटलं तर तो दोष आहे. पण घराघरांत ऐकलेलं त्या यादीत येत नाही, आणि कोणी सहज विचारलं तरी सांगायचं नाही. अडचणीतल्या एखाद्या घराला हवं तर जुन्या पाळकाने म्हणावं, "नव्या साहेबांशी बोला, बोलण्यासारखे आहेत." जायचं की नाही ते त्या घराने ठरवावं. नव्या पाळकाने पहिले काही महिने संध्याकाळच्या मीटिंगा कमी ठेवून घरोघर जावं, आणि कमिटीने त्याला तेवढी मोकळीक द्यावी.