बँड काढून दुसरं ऑपरेशन करायचंय? मग आधी जुनी फाईल शोधा

ज्यांच्या पोटात आधीच गॅस्ट्रिक बँड आहे आणि आता तो काढून स्लीव्ह (जठर कापून अरुंद नळी करणं) किंवा बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडणं) करावं का असा विचार चाललाय, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. बँड म्हणजे काय (जठराच्या वरच्या भागाभोवतीचा घट्ट-सैल करता येणारा पट्टा), पोर्ट कुठे असतो (कातडीखालची, सुई टोचायची डबी), फिल कसा भरतात (पोर्टमधून बँडमध्ये पाणी सोडून तो घट्ट करणं) हे तुम्हाला सांगायची गरज नाही, इतकी वर्षं तुम्हीच तो सांभाळलाय. पण रिसेप्शनवर आणि फोनवर तेच तेच प्रश्न येतात, आणि त्याहून वाईट म्हणजे लोक लांबून गाडी करून येतात आणि कागद नाहीत म्हणून अर्धं काम होऊन परत जातात, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

आधी हे की लोक बँड का सोडतात

बँड वाईट होता म्हणून नाही. 1993 मध्ये बेल्जियममध्ये दुर्बिणीतून पहिला ॲडजस्टेबल बँड बसवला गेला, 2001 मध्ये अमेरिकेत एफडीएची (तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेची) मंजुरी मिळाली, आणि त्यानंतरची दहा वर्षं त्याची चलती होती. कापाकापी नाही, आतडं जोडायचं नाही, नको झालं तर काढता येतो, असं म्हटलं की माणूस लगेच तयार व्हायचा. तेव्हा ज्यांनी बसवला त्यांनी त्या वेळच्या माहितीवर बरोबरच निर्णय घेतला होता, त्यामुळे "तेव्हा कुठून दुर्बुद्धी झाली" हे आमच्याकडे येऊन म्हणू नका, आम्ही पण म्हणणार नाही.

मग वर्षं गेली तसं कळत गेलं. ब्रसेल्सच्या सर्जननी बारा वर्षं उलटलेल्या आपल्या 82 बँडवाल्या पेशंटची माहिती 2011 साली छापली, तर बँड शाबूत असलेले जेमतेम निम्मे निघाले, आणि चारातल्या एकाहून जास्त जणांमध्ये बँड जठराची भिंत पोखरून आत घुसलेला होता. आता याच्या उलट मेलबर्नचे आकडे आहेत, 2013 चे, तिथे पंधरा वर्षांनंतरही जादा वजनापैकी सरासरी 47 टक्के उतरलेलं टिकून होतं आणि बँड कायमचा काढावा लागलेले फार थोडे. पण तिथेही 43 टक्के लोकांना मधे कधीतरी दुरुस्तीचं ऑपरेशन लागलंच. आमचं मत असं की फरक बराचसा फॉलोअपचा आहे. बँड हे सतत लक्ष मागणारं यंत्र आहे, आणि आपल्याकडे फिल भरायला नियमित जाणारे किती असतात ते तुम्हालाच माहीत. अमेरिकेत 2011 मध्ये वजनाच्या ऑपरेशनांपैकी साधारण 35 टक्के बँड होते, 2018 मध्ये एक टक्क्याच्या आसपास.

प्रत्यक्षात आमच्याकडे येणाऱ्यांच्या तक्रारी ठराविक असतात. सगळ्यात जास्त येणारी म्हणजे वजन थांबलं किंवा परत वाढलं. यात नेहमी आळस नसतो हो. बँड वाट अरुंद करतो, पण भुकेच्या हार्मोन्सवर स्लीव्ह-बायपाससारखा परिणाम करत नाही. भाकरी अडकते, पोळीचा तुकडा अडकतो, चिकन तर विचारूच नका, मग माणूस हळूहळू जे सरकतं तेच खायला लागतो, म्हणजे चहात बुडवलेली बिस्किटं, मऊ तूपभात, खीर, श्रीखंड, आईस्क्रीम. हे सगळं बँडमधून सुळकन खाली जातं. घरचे म्हणतात काही खात नाही बिचारी तरी वजन वाढतंय, आणि ते दोन्ही खरं असतं. अशा वेळी बँड अजून टाईट करून घेतला की आणखी मऊ खाणं वाढतं, उपाय उलटा पडतो.

दुसरी तक्रार उलट्या आणि रात्री घशाशी येणं, झोपेत खोकला, उशीवर आंबट पाणी. इथे बँड सरकलेला असू शकतो म्हणजे खालचं जठर बँडमधून वर चढतं, किंवा वरची पिशवी आणि अन्ननलिका फुगलेली असते. तिसरी जरा फसवी आहे, अचानक काहीच अडकत नाही, सगळं मस्त खाता येतं, आणि थोड्या दिवसांनी पोर्टवरची कातडी लाल होऊन पू येतो. लोकांना वाटतं पोर्टला इन्फेक्शन झालं आणि महिनोन्‌महिने अँटिबायोटिक घेत राहतात. ऑपरेशनला वर्षं उलटून गेल्यावर पोर्ट पिकला तर एंडोस्कोपी केल्याशिवाय सोडू नका, बँड आत घुसलेला असण्याची शक्यता असते. उरलेल्या म्हणजे नळी गळणं, पोर्ट उलटा फिरणं, यासाठी अख्खा बँड बदलायची गरज नसते, कधी कधी छोट्या दुरुस्तीत काम होतं, आणि तसं असेल तर आम्ही तेच सांगतो.

आता ती फाईल

लोक घेऊन येतात डिस्चार्ज कार्ड. त्यावर लिहिलेलं असतं, लॅप बँडिंग केलं, पेशंट बरा, आठ दिवसांनी टाके तपासायला या. यातून आम्हाला काही म्हणजे काही कळत नाही. आम्हाला हवी असते ऑपरेशन नोट, जी सर्जन ऑपरेशननंतर लिहितो किंवा टाईप करून घेतो, बहुतेकदा एक-दीड पानाची, आणि ती पेशंटला मागितल्याशिवाय मिळतच नाही.

का लागते ते सांगतो. बँड जागेवर राहावा म्हणून बऱ्याच सर्जननी बँडखालचा जठराचा भाग बँडवरून वर ओढून टाके घातलेले असतात. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये ही घडी पूर्ण उलगडावी लागते, नाहीतर स्टेपलर (जठर कापून पिना मारणारं यंत्र) दुपदरी जठरावर बसतो आणि तिथे गळती व्हायची भीती. टाके घातलेत की नाही, हर्निया दुरुस्त केला होता का, बँड कुठल्या मार्गाने मागून ओढला, हे आधी माहीत असलं तर सर्जन तयारीने आत जातो. नसलं तर आत गेल्यावर शोधायचं, मग ऑपरेशन लांबतं, भूल लांबते.

दुसरी गोष्ट म्हणजे बँडचं मॉडेल आणि आत किती पाणी आहे. मॉडेलप्रमाणे बँडची क्षमता 4 मिलीपासून 14 मिलीपर्यंत असते. समजा तुमच्या फिलच्या कार्डावर शेवटची नोंद 6 मिली आहे आणि आम्ही काढल्यावर सिरिंजमध्ये 2 मिलीच आलं, तर तिथल्या तिथे कळलं की बँड किंवा नळी गळतेय, वजन का वाढलं त्याचं अर्धं उत्तर मिळालं. कार्डच नसेल तर ते 2 मिली म्हणजे नुसतं पाणी, त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

कागद कुठे शोधायचे? भारतात डॉक्टरांच्या नियमांप्रमाणे ॲडमिट पेशंटचे रेकॉर्ड तीन वर्षं ठेवणं बंधनकारक आहे, आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायचं असतं. म्हणजे 2008 चं ऑपरेशन असेल तर हॉस्पिटल 'नाही' म्हणू शकतं, तरी लेखी अर्ज करून बघा, पुष्कळ ठिकाणी गोडाऊनमध्ये सापडतं. मेडिक्लेम घेतला असेल तर क्लेमच्या फाईलची झेरॉक्स, बऱ्याचदा घरी किंवा एजंटकडे असते, त्यात ऑपरेशन नोट आणि बँडच्या डब्यावरचं स्टिकर दोन्ही जोडलेलं असतं, कारण कंपनीला बिलासोबत ते द्यावं लागतं. आणि माळ्यावर ऑपरेशनची सीडी आहे का बघा! त्या काळात दुर्बिणीच्या ऑपरेशनची सीडी पेशंटला द्यायची पद्धत होती, घरी कुणी ती बघत नाही पण आमच्यासाठी नोटपेक्षा भारी, टाके डोळ्यांनी दिसतात. सीडी लावायला मशीन नसेल तर तशीच घेऊन या, आमच्याकडे जुना कॉम्प्युटर मुद्दाम ठेवलाय. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दुबईत ऑपरेशन झालेले आपले लोक सुट्टीला आले की दाखवायला येतात, त्यांनी निघायच्या आधीच तिथल्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाकडे मागून ठेवावं, तीन आठवड्यांच्या सुट्टीत इथून ईमेल करून वाट बघण्यात सुट्टी संपते. अमेरिकेत हिपा कायद्याने (पेशंटच्या माहितीबद्दलचा तिथला कायदा) तो तुमचा हक्कच आहे.

खरंच काहीच मिळालं नाही तरी या. साध्या एक्स-रेत बँड कसा बसलाय ते दिसतं, सरकलाय का याचा अंदाज येतो, बेरियम (पांढरं औषध पाजून काढलेला एक्स-रे) आणि एंडोस्कोपीने बाकीचं कळतं. पण मग वेळ जास्त लागणार हे धरून चाला, आणि त्यावर चिडू नका.

एकाच भुलीत दोन्ही का नाही करत?

सगळ्यांचा लाडका प्रश्न. बँड काढायचा, थांबायचं, मग तीनेक महिन्यांनी दुसरं ऑपरेशन, असं सांगितलं की चेहरा पडतो. दोन टप्पे म्हणजे दोन बिलं, हे लोक तोंडावर बोलत नाहीत, खाली पार्किंगमध्ये बोलतात. खर्च वाढतो हे खरंच आहे, नाकारत नाही. पण बघा, परकराची नाडी रोज घट्ट बांधली की कमरेला वळ पडून कातडी जाड होते ना, तसं बँडभोवती जठराची भिंत जाड आणि कडक झालेली असते, भोवती पांढरट कवच तयार झालेलं असतं. स्टेपलरच्या पिना ठराविक जाडीसाठी बनवलेल्या असतात. त्या जाड कडक भागावर मारल्या तर नीट मिटतीलच याची खात्री नाही. थांबलं की हा भाग बराच मऊ पडतो.

एका टप्प्यात करणारे चांगले सर्जन आहेत आणि त्यांचे रिझल्टही चांगले आहेत, त्यांना आम्ही चुकीचं म्हणत नाही. आम्हीसुद्धा करतो, पण बँड जागेवर असेल, वरची पिशवी फुगलेली नसेल, आत घुसलेला नसेल आणि जुनी नोट हातात असेल तरच. घुसलेला असेल तर प्रश्नच नाही, आधी काढा आणि भरू द्या. म्हणजे फाईल सापडली तर तुमचं एक ऑपरेशन वाचूही शकतं, एवढं लक्षात आलं तरी हे पत्रक छापल्याचे पैसे वसूल.

मधल्या महिन्यांत भूक जोरात परत येते. वर्षानुवर्षं न खाल्लेली पोळी खाता येते म्हणून माणूस सुटतो, साहजिक आहे, पण पाच-सात किलो सहज चढतात. म्हणून या काळात आमच्या आहारतज्ज्ञ मॅडम दर पंधरवड्याला फोन करतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत, फोन तेवढा उचला.

स्लीव्ह की बायपास

मैत्रिणीने काय केलं यावरून ठरवू नका. घशाशी येण्याचा त्रास असेल किंवा अन्ननलिका फुगलेली असेल तर आम्ही स्लीव्ह टाळतो, कारण स्लीव्हने ॲसिडिटी वाढू शकते, तिथे सहसा वाय आकाराचा बायपास बरा. मिनी बायपास आपल्याकडे भरपूर होतो, एकच जोड असतो, शुगरसाठी चांगला, पण काहींना पित्त वर येण्याचा त्रास होतो. बायपासवाल्यांना बी-12, लोह, कॅल्शियम, डी व्हिटॅमिन जन्मभर घ्यावं लागतं, शाकाहारी लोकांनी तर यात अजिबात सूट घेऊ नये. तंबाखू, मिसरी, सिगारेट चालू असेल तर बायपासच्या जोडावर अल्सर होतो, आधी ती बंद, मग तारीख. आणि जे बँडच्या फॉलोअपला कधी फिरकलेच नाहीत त्यांना थोडं कडक बोलतो आम्ही, कारण नवीन ऑपरेशनलाही फॉलोअप आहेच.

मेडिक्लेमचं म्हणाल तर पॉलिसीत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 40, किंवा गंभीर आजार असेल तर 35, अशी अट असते. बँड सरकला म्हणून काढणं आणि वजनासाठी नवीन ऑपरेशन करणं याकडे कंपनी वेगवेगळं बघू शकते, त्यामुळे प्रीऑथ (कंपनीची आगाऊ मंजुरी) आल्याशिवाय तारीख पक्की करू नका. इथेही बँडआधीचं वजन लिहिलेला जुना कागद कामाला येतो.

कागदांची वाट बघू नका अशी वेळ

पाणीसुद्धा खाली उतरत नसेल, लाळ थुंकावी लागत असेल, पोटात वरच्या बाजूला सतत दुखत असेल, तर फाईलबिईल राहू द्या, सरळ जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि आम्हाला फोन करा. तिथे दोन गोष्टी सांगा. एक, बँडमधलं पाणी काढायला ह्यूबर सुई (पोर्टसाठीची खास सुई) लागते, साध्या जाड सुईने पोर्टच्या पडद्याला भोक पडून तो कायमचा गळायला लागतो. सुई नसेल आणि पेशंट अत्यवस्थ असेल तर मात्र साध्या बारीक सुईने काढा, पोर्ट नंतर बदलता येतो. दुसरं, बरेच दिवस उलट्या होत असतील तर ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी बी-1 चं, म्हणजे थायमिनचं इंजेक्शन द्यायला सांगा. ते कमी पडलं तर चालताना तोल जातो, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसायला लागतं, आणि हे नुकसान प्रत्येक वेळी भरून निघतंच असं नाही.

बाकी घाई नसलेल्यांनी अपॉइंटमेंट घेताना रिसेप्शनवर 'बँडचा पेशंट' एवढं सांगा म्हणजे जास्त वेळ राखून ठेवतात. बँड दुसरीकडे बसवलेला असला तरी पाणी काढणं-भरणं इथे होतं, त्यासाठी आमच्याकडेच पुढचं ऑपरेशन करायला पाहिजे अशी काही अट नाही. बऱ्याच जणांचं तर नुसतं पाणी काढून महिनाभर थांबल्यावर घशाशी येणं थांबतं, मग काय करायचं ते निवांत ठरवता येतं. सापडलेल्या कागदांचे फोटो आधी व्हॉट्सॲपवर पाठवा, पण सरळ धरून, उजेडात, आणि पूर्ण पान येईल असे, कारण नेमकी बँडच्या मॉडेलची ओळ खालच्या कोपऱ्यात असते आणि तीच कापली जाते.