जर्मन देशांतर नोंदी

जर्मन देशांतर नोंदी : जर्मन भाषक प्रदेश सोडून अमेरिका व इतर देशांत स्थायिक झालेल्या लोकांविषयी बंदरे, राज्य सरकारे व चर्च यांच्याकडे तयार झालेली कागदपत्रे. अशा कुटुंबांचे वंशज आपले मूळ गाव शोधण्यासाठी त्यांचा आधार घेतात. एकोणिसाव्या शतकात जर्मन प्रदेशांतून पन्नास लाखांहून अधिक लोक अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेले. 1882 या एकाच वर्षात तेथे उतरलेल्या जर्मनांची संख्या सुमारे अडीच लाख होती. एवढे मोठे स्थलांतर होऊनही त्याची एकत्र नोंदवही कोठेच नाही, कारण 1871 पर्यंत जर्मनी हे एक राष्ट्र नव्हते. प्रशिया, बव्हेरिया, वुर्टेंबेर्ग, बाडेन, हेसेन अशा प्रत्येक राज्याचे कायदे आणि दप्तर निराळे होते, आणि ते कागद आजही त्या त्या प्रदेशाच्या अभिलेखागारांत विखुरलेले आहेत. त्यामुळे शोध घेणाऱ्याला पूर्वजाच्या नावाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या गावाचे नाव कळणे आवश्यक असते. ‘प्रशिया’ एवढाच उल्लेख हाती लागला, तर त्यावरून ऱ्हाइन नदीपासून आजच्या लिथुएनियाच्या सीमेपर्यंतचा कोणताही मुलूख सूचित होऊ शकतो.

म्हणूनच हा शोध सहसा जर्मनीत सुरू होत नाही. स्थायिक झालेल्या देशातील चर्चच्या विवाह व दफनाच्या नोंदी, थडग्यांवरील लेख, जर्मन भाषेतील स्थानिक वृत्तपत्रांतील मृत्युवार्ता आणि नागरिकत्वाचे अर्ज यांतून आधी गाव निश्चित करावे लागते. अमेरिकेतील 1906 पूर्वीच्या नागरिकत्वाच्या अर्जांत बहुधा केवळ राज्याचे किंवा राजाचे नाव आढळते. त्या वर्षीच्या कायद्यानंतर मात्र जन्मस्थळ, जहाज आणि आगमनाची तारीख यांची नोंद होऊ लागली.

बंदरांवरील याद्यांत हँबुर्गच्या याद्या सर्वांत मोलाच्या आहेत. 1850 ते 1934 या काळातील या याद्या हँबुर्गच्या राज्य अभिलेखागारात जतन केलेल्या असून पहिल्या महायुद्धाच्या काळापुरता त्यांत खंड आहे. प्रवाशाचे नाव, वय व व्यवसाय यांबरोबर त्याचे शेवटचे वास्तव्य ज्या गावी होते तेही त्यांत नोंदलेले असते आणि नेमकी हीच माहिती अमेरिकेत उतरतानाच्या बऱ्याच जुन्या याद्यांत नसते. थेट अमेरिकेला जाणाऱ्या जहाजांच्या याद्या वेगळ्या, आणि ब्रिटनमधील हल बंदरात उतरून रेल्वेने लिव्हरपूलला व तेथून दुसऱ्या जहाजाने पुढे जाणाऱ्यांच्या ‘अप्रत्यक्ष’ याद्या वेगळ्या ठेवलेल्या आहेत. थेट यादीत नाव न सापडल्यास दुसरी यादी पाहणे अनेकांच्या ध्यानात येत नाही. ब्रेमेनची कथा याउलट खेदजनक आहे. तेथे प्रवासी याद्या ठेवण्याचे बंधन 1832 पासूनच होते आणि ब्रेमरहाफेन या ब्रेमेनच्या समुद्री बंदरामार्गे लाखो लोक गेले. पुढे मात्र जागेच्या अडचणीमुळे जुन्या याद्या ठरावीक काळानंतर नष्ट करण्यात येऊ लागल्या, आणि उरलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. 1920 ते 1939 या काळातील याद्यांचा एक भाग युद्धकाळात मिठाच्या खाणीत हलविल्यामुळे वाचला. ब्रेमेनहून निघालेल्या आधीच्या प्रवाशांसाठी अमेरिकेतील आगमनाच्या याद्यांवरच विसंबावे लागते. 1819 च्या कायद्यामुळे त्या 1820 पासून उपलब्ध आहेत. दक्षिण-पश्चिमेकडील अनेक जर्मन ला हाव्र या फ्रेंच बंदरातून गेले, हेही विसरून चालत नाही.

बंदरावर पोहोचण्यापूर्वीच्या टप्प्यावरील कागद म्हणजे राज्याच्या परवानगीची प्रकरणे. अनेक राज्यांत देशांतरापूर्वी नागरिकत्वातून मुक्तता घ्यावी लागे. कोणाचे देणे थकलेले नाही आणि लष्करी सेवा चुकविण्याचा हेतू नाही याची खात्री अधिकारी करून घेत. वुर्टेंबेर्गमध्ये जाणाऱ्याच्या संभाव्य देण्यांसाठी वर्षभराचा जामीन द्यावा लागे. धनकोंना दावा सांगता यावा म्हणून सरकारी पत्रकांत जाणाऱ्यांची नावे छापली जात. जिथे मूळ प्रकरणे हरवली, तिथे ही छापील नावेच उपयोगी पडतात. बाडेन आणि वुर्टेंबेर्गमधील देशांतर करणाऱ्यांची सूची तेथील राज्य अभिलेखागाराने संगणकावर उपलब्ध करून दिली आहे. परंतु परवानगी न घेता गेलेल्यांची, विशेषतः सक्तीची लष्करी सेवा टाळणाऱ्या तरुणांची, संख्याही बरीच होती आणि त्यांची प्रकरणे या सूचींत मिळत नाहीत. अमेरिकेचे अध्यक्ष डॉनल्ड ट्रम्प यांचे आजोबा फ्रीडरिख ट्रम्प हे बव्हेरियाच्या ताब्यातील पॅलेटिनेट भागातल्या कालश्टाट गावातून 1885 मध्ये सोळाव्या वर्षी असेच निघून गेले. कायमचे परतण्याच्या इराद्याने ते पुढे मायदेशी आले, तेव्हा लष्करी सेवा न केल्याच्या कारणावरून त्यांना 1905 मध्ये देश सोडण्याचा आदेश मिळाला. जाताना न झालेली नोंद येताना झाली, असे म्हणावे लागते.

नावांमुळे होणारा घोटाळा मोठा असतो. म्युलरचा मिलर, श्मिटचा स्मिथ, श्नायडरचा टेलर झाला. न्यूयॉर्क बंदरात उतरणाऱ्यांची तपासणी जेथे होई त्या एलिस बेटावरील कारकुनांनी नावे बदलली, ही लोकप्रिय समजूत मात्र निराधार आहे. ते कारकून निघण्याच्या बंदरावर तयार झालेल्या यादीवरून केवळ पडताळणी करीत आणि नाव बदलण्याचे काम बहुधा कुटुंबाने स्वतःच पुढे केले. योहान हे पहिले नाव एका घरातील अनेक मुलांना असे, पण हाक दुसऱ्या नावाने मारली जाई. शिवाय जुन्या नोंदी कुरेंट या वळणदार लिपीत असल्यामुळे ती वाचायला शिकल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

गाव सापडले की चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन वह्यांवरून शोध पुढे सरकतो, कारण संपूर्ण जर्मनीत नागरी जन्म-मृत्यू नोंदणी 1876 मध्ये लागू झाली. प्रशियात ती 1874 पासून आणि ऱ्हाइनच्या पश्चिमेस फ्रेंच अमलामुळे त्याही आधी होती. प्रॉटेस्टंट वह्यांचा मोठा संग्रह आर्किऑन या संकेतस्थळावर, तर अनेक कॅथलिक वह्या मात्रिकुला या संकेतस्थळावर पाहता येतात. 1945 नंतर पोलंड व सोव्हिएत संघाकडे गेलेल्या प्रदेशांतील गावांना नवी नावे मिळाली. ब्रेस्लाऊचे व्रोत्स्वाफ, श्टेटिनचे श्चेचिन झाले. तेथील वाचलेल्या नोंदींपैकी काही पोलंडच्या राज्य अभिलेखागारांत, तर काही बर्लिनच्या नोंदणी कार्यालयात आहेत, म्हणून एकाच गावासाठी दोन देशांत चौकशी करावी लागते.