मोडतो, पण आधी वाकतो

दगड मोडेल पण वाकणार नाही, अशी आपली खात्री असते. त्यात तो इटालियन मार्बल असला, तर 'पिढ्यान्‌पिढ्या काही होत नाही' असं दुकानदार वरून ऐकवतो. याच भरवशावर शिकागोमध्ये स्टँडर्ड ऑइल कंपनीची 346 मीटर उंच इमारत 1970च्या दशकाच्या सुरुवातीला कॅराराच्या पांढऱ्या संगमरवरानं मढवली गेली. सुमारे 43,000 लाद्या, प्रत्येकीची जाडी जेमतेम तीन सेंटिमीटर. 1974 मध्ये एक लादी सुटून शेजारच्या इमारतीच्या छतावर पडली. पुढे असंख्य लाद्या उन्हात घातलेल्या पापडासारख्या वाकल्या. 1990 ते 1992 या काळात सगळा संगमरवर उतरवून ग्रॅनाइट बसवावा लागला. खर्च आठ कोटी डॉलरच्या वर.

कॅरारा हे इटलीतल्या टस्कनीमधलं, अपुआन आल्प्सच्या पायथ्याचं शहर. लांबून त्या डोंगरांवर बर्फ दिसतो, तो बहुतेक वेळा खाणींचा चुरा असतो. रोमन काळापासून इथून दगड निघतोय. रोममधला ट्राजनचा स्तंभ याच दगडाचा, मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळाही. ज्युरासिक काळाच्या सुरुवातीला, म्हणजे साधारण 20 कोटी वर्षांपूर्वी, इथं उथळ समुद्र होता आणि त्याच्या तळाशी चुनखडी साचली. मग अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी भूपट्टांच्या टकरीत ती कित्येक किलोमीटर खोल दाबली गेली आणि 350 ते 450 अंश सेल्सिअसला भाजून निघाली. ती वितळली मात्र नाही. घन अवस्थेतच तिचे कण नव्यानं वाढले, जीवाश्मांच्या खुणा पुसल्या गेल्या आणि कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीतल्याच मुख्य खनिजाचे, एकसारखे, बारीक स्फटिक तयार झाले.

आता खरी गंमत. बहुतेक पदार्थ तापले की सगळीकडून फुगतात. कॅल्साइटचा स्फटिक असं करत नाही. तो एका दिशेनं, तिला सी-अक्ष म्हणतात, दर अंशाला लांबीच्या दहा लाखांतल्या 26 भागांनी वाढतो आणि तिच्या काटकोनातल्या दिशेनं 6 भागांनी चक्क आक्रसतो! म्हणजे दोन दिशांतला फरक 32 भागांचा. हिवाळ्यातल्या उन्हात भिंत 40 अंशांनी तापली असं धरा. 0.2 मिलिमीटरच्या कणात हा फरक होतो सुमारे पाव मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आकडा क्षुल्लक वाटतो, पण संगमरवरात शेजारी-शेजारी बसलेल्या कणांचे सी-अक्ष वेगवेगळ्या दिशांना असतात. एक कण ज्या बाजूला फुगतो, त्याच बाजूला शेजारचा आक्रसतो. ताण येतो तो दोघांमधल्या सीमेवर, आणि तिथंच दगड उकलतो.

एकदा सरकलेले कण थंड झाल्यावर जागेवर नीट परतत नाहीत, आणि लादी किंचित लांबलेलीच राहते. कोरड्या हवेत तापण्या-निवण्याच्या पहिल्या काही फेऱ्यांनंतर ही वाढ जवळजवळ थांबते. त्या सूक्ष्म भेगांत पाणी शिरलं, तर मात्र ती दर फेरीला पुढे सरकत राहते. लादीच्या दोन्ही बाजूंना ऊन आणि ओल सारखी मिळत नाही, त्यामुळे एक बाजू जास्त लांबते. लादी वाकते ती अशी.

कणांच्या सीमा कशा आहेत यावरही बरंच अवलंबून असतं. सीमा वेड्यावाकड्या, एकमेकींत अडकलेल्या असतील तर दगड टिकतो. सरळ, तीन कण 120 अंशांत भेटणाऱ्या असतील तर लवकर सैल होतो. कॅराराच्या काही खाणींतला दगड या सरळ सीमांच्या प्रकारचा आहे, शांतपणे भाजत राहिल्यानं तसा झालेला.

यातलं काही शिकागोच्या वेळी नवं नव्हतं. तापवलेला संगमरवर मूळ लांबीवर परत येत नाही, हे अमेरिकेच्या मानक संस्थेत 1919 मध्येच मोजलं गेलं होतं. 1934 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली (नोबेलवाल्या रॅलींचे चिरंजीव) यांनी संगमरवराच्या वाकण्यावर शोधनिबंधही लिहिला. तो कुणी उघडला नसावा!

आपल्याकडे मार्बलबद्दल वेगळंच ऐकायला मिळतं. पांढरा दगड म्हणे घरातली उष्णता शोषून 'शीतल ऊर्जा' देतो. तो पायाला गार लागतो, कारण लाकडापेक्षा कितीतरी पटींनी वेगानं पायाची उष्णता ओढून घेतो. थर्मामीटर लावलात तर लाकूड आणि फरशी दोघांचं तापमान सारखंच निघेल. त्यात ऊर्जा वगैरे काही नाही, वास्तुतज्ज्ञाची फी तेवढी आहे. घरातल्या फरशीला वाकण्याचीही भीती नाही. ती सिमेंटमध्ये घट्ट बसलेली असते, ऊन-पावसाबाहेर असते. तिला लिंबू आणि बाथरूमचं ॲसिड यांच्यापासून जपा, म्हणजे झालं.

डेव्हिड 1504 पासून 1873 पर्यंत फ्लोरेन्सच्या चौकात उघड्यावर उभा होता, तो का नाही वाकला? कारण तो जाड आहे. दिवसाची उष्णता दगडात फार खोल जात नाही, झीज होते ती कातडीची. पातळ लादीला आत वेगळं असं काही नसतंच.

हेलसिंकीतल्या फिनलंडिया हॉलची कथा तर याहून हट्टी. वास्तुरचनाकार अल्वार आल्टो यांची ही इमारत 1971 मध्ये उघडली, तिचा कॅरारा संगमरवर वाकला. 1990च्या दशकाच्या अखेरीस तो काढून पुन्हा कॅराराचाच लावला. तोही वाकला. अलीकडच्या नूतनीकरणात तिसऱ्यांदा आवरण बदललं, आणि या खेपेलाही दगड इटालियन संगमरवरच आहे, फक्त उत्तरेकडच्या लासा गावचा.