लॅडर फ्रेम की मोनोकॉक? सारख्याच दिसणाऱ्या दोन एसयूव्ही आणि खाली वाकून बघायची गोष्ट

मिडसाइज एसयूव्ही घ्यायची ठरली की पहिले आठ दिवस घरात नुसता इंजिन, मायलेज आणि स्क्रीन केवढी यावर काथ्याकूट चालतो. आमच्याकडेही तेच झालं. मी आणि माझा मोठा भाऊ एकाच वेळी गाडी बघत होतो, दोघांनाही सात सीट हव्या होत्या, आणि दोघांच्या यादीत शेवटी उरलेल्या गाड्या शेजारी उभ्या केल्या तर लांबून कुठली कोणती ते कळू नये इतक्या सारख्या. उंच बॉनेट, चाकांभोवती काळं प्लास्टिक, छतावर रेल. दादा म्हणाला, "साईझ तीच, ताकद तीच, मग जी आधी हातात मिळेल ती घेऊ की, डोकं कशाला लावायचं." मी मोबाईलचा टॉर्च लावून दोन्ही गाड्यांखाली वाकून बघितलं, आणि मग मात्र डोकं लावावंच लागलं.

एकीच्या पोटाखाली दोन जाड चौकोनी पोलादी तुळया होत्या, पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत गेलेल्या, मधे मधे आडवे दांडे जोडलेले. शिडी जमिनीवर आडवी टाकावी तशी. म्हणून लॅडर फ्रेम, बोलताना आपण 'चेसिसवाली गाडी' म्हणतो ती. दुसरीखाली असलं काहीच नाही, नुसता उभार काढलेला पत्रा, मधून गेलेला सायलेन्सरचा पाईप आणि प्लास्टिकची झाकणं. ही मोनोकॉक, काही जण युनिबॉडी म्हणतात, एकच ते.

फरक असा की फ्रेमवाल्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळं त्या शिडीला लटकतं आणि आपण ज्यात बसतो ती बॉडी रबराच्या गुट्ट्यांवर ठेवून वरून बोल्टने आवळलेली असते, म्हणजे हातगाडीवर कपाट ठेवून बांधल्यासारखं, कपाट उतरवलं तरी हातगाडी चालतेच. मोनोकॉकमध्ये हातगाडीही नाही आणि कपाटही नाही, फ्लोअर, खांब, छत सगळे पत्रे एकमेकांना वेल्ड करून त्या डब्यालाच भार पेलायला लावलेला. पातळ पत्रा एवढं वजन कसं झेलतो असं वाटत असेल तर एक काडेपेटी घ्या, आतला खण जागेवर असताना पिळून बघा, मग खण काढून नुसतं कव्हर पिळा. सगळ्या बाजू एकमेकींना धरून असल्या की कागदाची पेटीसुद्धा पिळली जात नाही, तेच गणित.

आता 'मोनोकॉक म्हणजे नवीन फॅड, खरी एसयूव्ही फ्रेमवरच' असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो. भार पेलणाऱ्या बॉडीची लान्चिया लॅम्ब्डा १९२२ सालची आहे हो. साध्या गाड्या हळूहळू तिकडे गेल्या, एसयूव्ही मात्र ट्रक आणि पिकअपच्या सांगाड्यावर बनत राहिल्या म्हणून फ्रेम टिकली. त्यातही १९७७ ची लाडा निवा मोनोकॉक होती, १९८४ मॉडेलची जीप चेरोकी पण, आणि या दोन्ही चिखलात कुणाला हार जायच्या नाहीत. १९९४ ला टोयोटाची रॅव्ह४ आली, साध्या कारचे पार्ट वापरून बनवलेली, तिथून पुढे फॅमिली एसयूव्हीचा ओघच बदलला. किया सोरेंटो २००२ ला फ्रेमवर आली आणि २००९ च्या पिढीत मोनोकॉक झाली, फोर्ड एक्सप्लोररने २०११ च्या मॉडेलला फ्रेम सोडली. सगळ्यात मजा निसान पाथफाइंडरची, पहिली पिढी फ्रेम, दुसरी मोनोकॉक, २००४ ची तिसरी परत फ्रेम, २०१२ ची चौथी परत मोनोकॉक. बनवणाऱ्यांचंच ठरत नव्हतं तर आपण गोंधळलो यात नवल काय. आणि याचमुळे नुसत्या नावावर जाऊ नका, त्याच नावाची जुनी गाडी वेगळी आणि नवी वेगळी असू शकते.

शेजारी ठेवून बघायला माझ्या मते महिंद्राची जोडी भारी आहे, २०२१ ची एक्सयूव्ही ७०० आणि २०२२ ची स्कॉर्पिओ-एन. कंपनी एक, पेट्रोल-डिझेल इंजिनांचं घराणं एक, दोन्हींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २७५० मिमी, लांबी ४६९५ आणि ४६६२, म्हणजे ३३ मिमीचा फरक, दोन बोटं फक्त. कागदावर जुळ्या बहिणी. पण एक्सयूव्ही मोनोकॉक, तिचं इंजिन आडवं बसवलेलं, मूळ ताकद पुढच्या चाकांना, मागे दोन्ही चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र. स्कॉर्पिओ-एन फ्रेमवर, इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना, मागे एकसंध अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच जाड दांड्याला जोडलेली. आणि उंची बघा, १७५५ विरुद्ध १८५७, दहा सेंटीमीटर. हे दहा सेंटीमीटर तुमच्या डोक्याच्या वर मिळतात असं वाटत असेल तर थांबा.

कारण ते बऱ्यापैकी पायाखाली जातात. बॉडी शिडीच्या वर बसते म्हटल्यावर फ्लोअर वर उचललं जातं, रस्त्यापासून पाय ठेवायची जागा उंच होते. आम्ही आईला दोन्ही गाड्यांत बसवून बघितलं. मोनोकॉकमध्ये तिने आधी सीटला टेकून मग पाय आत घेतले, नेहमीसारखं. दुसरीत आधी पायरीवर पाय, मग खांबावरचं हँडल, मग एक क्षण सगळं अंग एका गुडघ्यावर, आणि तो गुडघा तिचा दुखरा. बसली, काही बोलली नाही, पण उतरताना खालची पायरी दिसेना म्हणून पाय हवेत चाचपडत राहिला ते मी बघितलं. शोरूममधला माणूस तेव्हा आम्हाला अँबियंट लाइटचे रंग दाखवत होता.

तिसऱ्या रांगेत हीच गोष्ट अजून बोचते. फ्लोअर वर आलं, छत तर तेवढंच, मग सीट खाली दाबावी लागते, आणि सीट व फ्लोअर यातलं अंतर कमी झालं की माणूस उकिडवा बसल्यासारखा बसतो, गुडघे छातीकडे, मांडीला खालून आधार नाही. त्यात मागचा एकसंध अ‍ॅक्सल वर-खाली व्हायला खाली मोकळी जागा मागतो, त्यामुळे बऱ्याच फ्रेमवाल्या गाड्यांत मागची सीट फ्लोअरमध्ये सपाट गडप होत नाही, दुमडून तिथेच ढीग होऊन बसते किंवा बाजूला टांगली जाते, आणि डिकी म्हणाल तर उंच पण आखूड. मोनोकॉकची तिसरी रांग म्हणजे काही सोफा नाही, तिथेही मोठ्या माणसाचे हालच, पण लहान पोरं दोन तास बसू शकतात. पोरांचं निघालंच आहे तर, बेबी सीट असेल तर ती घेऊनच ट्रायलला जा. दुसऱ्या रांगेत आयसोफिक्सला, म्हणजे बेबी सीट अडकवायच्या कड्यांना, ती एकदा अडकवली की त्या बाजूची सीट पुढे सरकवून मागे जायचा रस्ता बहुतेक गाड्यांत बंद होतो, मग सातवा माणूस दुसऱ्या दारानेच जाणार. हे ब्रोशरमध्ये कुठे लिहिलेलं नसतं.

चालवताना काय फरक पडतो? एकसंध अ‍ॅक्सलचं एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही हिसका बसतो, आणि अ‍ॅक्सल स्वतः जड, त्यामुळे बारीक खडबडीत रस्त्यावर गाडी सतत थरथरते, मागे बसलेल्यांची मान डुलत राहते. त्यातून स्प्रिंगा भरलेल्या गाडीच्या हिशोबाने कडक असल्या तर एकटा ड्रायव्हर असताना जास्तच उडते, सात जण भरले की एकदम शहाण्यासारखी वागायला लागते. याउलट मोठा खड्डा, दगडधोंडे, वाहून गेलेला कच्चा रस्ता आला की फ्रेमवाली बिनधास्त घुसते, एक चाक हवेत आणि एक खोलात अशी गाडी पिळली गेली तरी तो पीळ शिडी झेलते, बॉडी रबरावर असल्याने दारं कुरकुरत नाहीत. रोजचा रस्ता असला असेल तर या एका कारणासाठीही फ्रेम घ्यावी, मी नाही म्हणणार नाही. पण 'आमच्याकडे खड्डे आहेत' एवढ्यावर नको, खड्डे सगळीकडेच असतात.

टोइंगचं, म्हणजे मागे काही जोडून ओढायचं, मात्र नीट बघा, इथे सगळ्यात जास्त पुड्या सोडल्या जातात. ट्रेलर, बोट ओढायची तर फ्रेमच हवी असं सरसकट सांगतात. आता टोयोटाचीच पाचव्या पिढीची फोररनर फ्रेमवर आणि व्ही६ (सहा सिलिंडरच्या) इंजिनाची हायलँडर मोनोकॉक, दोन्हींची ओढायची मर्यादा ५००० पाउंड, म्हणजे साधारण २२७० किलो. लँड रोव्हर डिस्कव्हरीच्या २००४ च्या पिढीत तर मोनोकॉक बॉडी आणि खाली फ्रेम असं दोन्ही होतं, गाडी अडीच टनांच्या घरात गेली, मग नंतरच्या पाचव्या पिढीत अ‍ॅल्युमिनियमचा मोनोकॉक केला आणि वजन ४८० किलोपर्यंत उतरलं असं कंपनीने सांगितलं, तरी ओढायची मर्यादा ३५०० किलो. म्हणजे आकडा त्या त्या मॉडेलचा बघायचा, सांगाड्याची जात बघून नाही. रोज, वर्षानुवर्षं मर्यादेच्या जवळपास ओढायचं असेल तर फ्रेम, हे मी मान्य करतो, पण वर्षातून दोनदा ट्रेलर जोडणाऱ्याने तीनशे साठ दिवस हादरे का खावेत.

आणि ओढायच्या आकड्यापेक्षा आपल्याला लागणारा आकडा वेगळाच, तो कोणी विचारत नाही. गाडीचं भरलेलं कमाल वजन वजा रिकामं वजन, उरलं ते तुमचं. सात माणसं सरासरी ७० किलोची धरली तरी ४९० किलो झाले, अजून बॅग एक नाही. काही सात सीटर गाड्यांत इथेच हिशोब संपतो. फ्रेमवाली दिसते दणकट पण तिचं स्वतःचंच वजन जास्त, त्यामुळे तुमच्यासाठी उरेलच जास्त असं नाही.

सेफ्टीवर दादाचं म्हणणं होतं, जाड लोखंड म्हणजे सेफ. तसं सरळ नाही ते. धडकेत पुढचा भाग ठरवल्याप्रमाणे चुरगळून जोर खायला हवा आणि माणसं बसलेला पिंजरा जागेवर राहायला हवा, हे मोनोकॉकमध्ये घडवून आणणं सोपं, पण मनावर घेतलं तर फ्रेमवरही जमतं. वर सांगितलेल्या दोन्ही महिंद्रांना ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ५ तारे आहेत, फक्त मधल्या काळात टेस्टचे नियम बदलले होते त्यामुळे तारे समोरासमोर ठेवून तुलना करू नका. उलटण्याचं मात्र शुद्ध भूमितीचं काम आहे, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हा आकडा जितका मोठा तितकी गाडी उलटायला अवघड. अमेरिकेत रोलओव्हर रेटिंग यावरूनच सुरू होतं. फ्लोअर उंच, इंजिन उंच, माणसं उंच, म्हणजे भागाकार लहान. ईएससी, म्हणजे घसरायला लागल्यावर एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारी सिस्टीम, यात फार उपयोगी, तिकडे २०१२ च्या मॉडेलपासून सक्तीचीच आहे. ती नसलेली जुनी उंच गाडी घरच्यांसाठी घेऊ नका, कितीही चकचकीत असली तरी.

फोर बाय फोरचं थोडक्यात. फ्रेमवाल्यांत बहुधा लो रेंजचा वेगळा गिअर मिळतो, चढ-चिखलात खरा कामाचा, पण पार्ट-टाइम सिस्टीम, म्हणजे चारही चाकांची ताकद आपणच हवी तेव्हा जोडायची अशी, असेल तर कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये (चारही चाकं जोडलेली, नेहमीचे गिअर) चालवायची नाही, वळताना पुढची-मागची चाकं वेगळ्या वेगाने फिरू बघतात आणि सगळा ताण गिअरांवर येतो. मोनोकॉकमधल्या बहुतेक एडब्ल्यूडी (ऑल व्हील ड्राइव्ह) सिस्टीम क्लचने आपोआप मागे ताकद पाठवतात, तुम्हाला काही करायचं नाही. पावसात घसरट चढावर तेवढं पुरतं. ब्रेक मारताना दोन्हींचा फायदा शून्य, तिथे टायरच.

सेकंडहँड घेत असाल तर परत टॉर्च काढा. फ्रेमवाल्या गाडीत तुळयांच्या आतून गंज लागतो, बाहेरून काळा रंग मारलेला असला की कळत नाही, म्हणून मागच्या चाकाच्या वरच्या वळणापाशी आणि तुळयांना पाणी जायला भोकं असतात तिथे बोट घालून बघा, पापुद्रे हाताला लागतात. मोनोकॉकमध्ये पुढच्या अपघाताच्या खुणा शोधायच्या, बॉनेट उघडून दोन्ही बाजूंच्या पत्र्यावरचे वेल्डचे ठिपके सारख्या अंतरावर आहेत का, सीलंटची रेघ एका बाजूला जाडीभरडी आहे का. एकदा तो डबा पिळला गेला आणि नीट मापावर धरून सरळ केला नसेल तर गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढते आणि टायर खाते.

आम्ही मोनोकॉक घेतली. दादाने ऐकलं नाही, फ्रेमवालीच घेतली, पण त्याचं खरंही आहे, त्याच्या कामाच्या जागेपर्यंत शेवटचे चार किलोमीटर रस्ताच नाही आणि तो मागे ट्रेलर जोडतो आठवड्यातून तीनदा. मागच्या महिन्यात सगळे मिळून निघालो तेव्हा सामान आपसूक त्याच्या गाडीत गेलं आणि आई, वहिनी, दोन्ही पोरं आमच्या. अर्ध्या रस्त्यात चहाला थांबलो तर वहिनी म्हणाली, परत येतानाही मी इकडेच बसते.