शाळेची सोडत: चिठ्ठीआधी रांग कशी लावली ते पाहा

शाळेत प्रवेश सोडतीने द्यावा की घराजवळच्या मुलांना आधी द्यावा, हा वाद पुण्यात दर उन्हाळ्यात निघतो. खरं तर आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, प्रवेशात दोन्ही आहेत. विनाअनुदानित खासगी शाळेच्या पहिल्या प्रवेशवर्गातल्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असतात; 80 मुलांचा वर्ग असेल तर 20. आधी 1 किलोमीटरच्या आतली मुलं, मग 1 ते 3 किलोमीटरमधली, त्यानंतर लांबची. एकाच टप्प्यात जागांपेक्षा अर्ज जास्त झाले की चिठ्ठी. म्हणजे नामवंत शाळेच्या जागा पहिल्याच टप्प्यात संपल्या, तर लांबच्या मुलासाठी सोडत झालीच नाही असं समजायचं.

निव्वळ शेजार हा निकष ठेवला तर शाळेची किंमत घरभाड्यात उतरते. अमेरिकेतल्या बोस्टनच्या उपनगरांत शाळांच्या प्रवेशहद्दीच्या दोन बाजूंची घरं ताडून पाहिली, तेव्हा शाळेचे गुण 5 टक्क्यांनी जास्त असतील तर पालक घरासाठी सुमारे 2.5 टक्के जास्त मोजतात असं 1999 मध्ये दिसलं. पर्वतीच्या पायथ्याच्या जनता वसाहतीतल्या कुटुंबाला असा पत्ता बदलणं परवडत नाही. उलट सगळं सोडतीवर सोडलं, तर सहा वर्षांचं मूल रोज शहर ओलांडणार आणि रिक्षाकाकांचे पैसे फी-माफीला गिळणार.

मग निम्म्या जागा जवळच्यांना, निम्म्या सर्वांना खुल्या, अशी तडजोड सुचते. इथेच खरी मेख आहे. समजा 20 जागा, अर्ज 40: 20 जवळचे, 20 लांबचे. प्रत्येकाला 1 ते 40 मधला एक सोडत क्रमांक मिळाला. आधी खुल्या 10 जागा भरल्या, तर त्यांत साधारण 5 जवळचे, 5 लांबचे येतील; मग राखीव 10 जवळच्यांना. एकूण जवळचे 15. आता क्रम उलटा करा. राखीव 10 जागा आधी भरल्या, तर चांगले क्रमांक मिळालेली जवळची मुलं तिथेच संपतात. खुल्या जागांसाठी उरलेल्या जवळच्या मुलांकडे मागचेच क्रमांक असतात, त्यामुळे त्या जवळपास सगळ्या लांबच्यांना जातात. जवळचे जेमतेम 10-11. नियम कागदावर तोच, चिठ्ठ्याही त्याच! बोस्टनमध्ये निम्म्या जागा चालत येणाऱ्या मुलांसाठी होत्या, पण या क्रमामुळे त्या राखीवतेचा परिणाम फारच थोडा होता. हे उघड झाल्यावर 2013 मध्ये ती काढूनच टाकली. आपल्याकडे आरक्षणात खुल्या जागा आधी का भरतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे गणित नवं नाही.

दुसरी चूक पसंतीक्रमाची. पहिली पसंती देणाऱ्यांनाच आधी जागा दिल्या, तर गाजलेली शाळा वर लिहून नंबर न लागलेल्याची दुसरी पसंतीही तोवर भरलेली असते. मग जाणकार पालक खरी आवड लपवतात, नवखे फसतात. गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांच्या 1962 च्या पद्धतीत शाळा तात्पुरती जागा देते. पुढच्या फेरीत जास्त प्राधान्याचा अर्ज आला तर ती काढून घेते. त्यामुळे खरा क्रम लिहिण्यात तोटा नसतो. बोस्टनने 2005 मध्ये हीच पद्धत घेतली.

अंतराचाही घोळ असतो. सरळ रेषेत मोजलं, तर मुठेपलीकडची शाळा पाऊण किलोमीटर भरते आणि पुलावरून दोन. ऑनलाइन अर्जातल्या नकाशावर घराची जागा दाखवणारा बलून चुकीच्या गल्लीत टेकवला किंवा भाडेकरार नोंदणीकृत नसला, तर सोडत लागूनही पडताळणीत प्रवेश जातो. अर्ज भरताना बलून स्वतः हलवून पाहावा, करार अर्जाच्या तारखेआधीचा असावा.

एक गोष्ट शाळांनी नव्हे, सोडत काढणाऱ्यांनी ठरवायची: मुलाला सर्व शाळांसाठी एकच क्रमांक की प्रत्येक शाळेत वेगळा? एकाच क्रमांकाने जास्त मुलांना पहिली पसंती मिळते, पण शेवटचा क्रमांक आलेलं मूल सगळीकडेच मागे पडतं. आमच्या मते एकच ठेवावा आणि निकालासोबत तो जाहीरही करावा, म्हणजे आपला नंबर का लागला नाही हे पालकाला स्वतः तपासता येईल.