अनुदानाच्या कामाला 'परवाना' लागतो का?

"सर्टिफिकेट कोर्स असल्याशिवाय संस्थेत अनुदानाचं काम मिळतच नाही." कोल्हापुरात बी.कॉम. झालेल्या पोरांच्या ग्रुपवर हा मेसेज सारखा फिरतो. अनुदानाचं काम म्हणजे संस्थेला मिळालेल्या अनुदानाच्या खर्चाची बिलं आणि कागद सांभाळणं; ते करतो तो अनुदान सहायक. कोर्सची फी भरण्याआधी थोडं थांबा.

असं सर्टिफिकेट सक्तीचं करणारा कायदा नाही. बंधन आहे ते ऑडिटवर. तिथं साधारणपणे चार्टर्ड अकाउंटंटची सही लागते आणि त्या व्यवसायासाठी १९४९ चा वेगळा कायदा आहे. गोंधळ बहुधा इथूनच होतो, आणि तो होणं साहजिकच आहे. अनुदान सहायक ऑडिट करत नाही. सही करता येईल अशी फाइल तयार ठेवतो.

म्हणजे काय? समजा अनुदानाची मुदत ३१ मार्चला संपली आणि लक्ष्मीपुरीतल्या दुकानाचं स्टेशनरीचं बिल ३ एप्रिलचं आहे. खर्च खरा, माल कपाटात, तरी तो या अनुदानात सहसा बसत नाही. टाचणी लावतानाच ज्याला ही तारीख खटकते, तो कामाचा माणूस. केंद्राच्या अनुदानाचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाला याचा दाखला (सगळे म्हणतात ते 'यूसी'), १२-ए नमुन्यात असतं. हा नमुना केंद्र सरकारच्या 'सामान्य वित्तीय नियम २०१७' मध्ये आहे आणि ते नेटवर फुकट आहेत. नमुना काढून एक भरून बघा.

खात्री करायची तर चार-पाच जाहिराती काढून 'अनिवार्य' शब्दापुढे काय आहे ते वाचा. क्लासवाल्यांनाही विचारा, कुठल्या नियमानं सक्ती? नियमाचा क्रमांक लेखी मागा. कोर्सनं हिशेबाची शिस्त लागत असेल तर तो जरूर करा, पण परवाना म्हणून नको.